दूध एक लिटर, लेकरं तीन

रेशन दुकानातला हिशोब माणशी असतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागं महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. तान्हं बाळ असो की ऐंशीचे आजोबा, कार्डावर नाव असलं की ५ किलो. पाच माणसांचं घर असेल तर २५ किलो. दुकानदार अंगठा घेतो, वजन करतो, पिशवीत ओततो. कुणाच्या वाट्याचं किती, हे इथपर्यंत सरकारला पक्कं माहीत असतं.

पिशवी उंबऱ्याच्या आत गेली की तो हिशोब संपतो. त्यातली भाकरी कुणाच्या ताटात किती गेली, वर दूध कुणाला मिळालं, ताप आल्यावर कुणाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं आणि कुणाला ‘उद्या बघू’ म्हटलं, याची नोंद कुठंच होत नाही. अर्थशास्त्रानंही बराच काळ उंबऱ्यापाशीच थांबणं पसंत केलं. घर म्हणजे एक माणूस, त्याचं एक मन आणि एक खिसा, असं धरून गणितं मांडली जायची. सोयीचं होतं ते. पण एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचं खाऊन एक लेकरू अंगानं भरतं आणि दुसरं किरकोळ राहतं, हे त्या गणितातून कळायचं नाही.

आईबापांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आम्हाला सगळी सारखीच.’ हे उत्तर खोटं असतं असं मला वाटत नाही. बहुतेक घरांत ते मनापासून दिलेलं असतं. तरीही वाटप सारखं नसतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, तेच इथं सांगायचं आहे.

आटपाडी तालुक्यातलं एक घर कल्पूया. थोरली मुलगी सात वर्षांची, मधली चारची, धाकटा मुलगा दीड वर्षाचा. दोन म्हशी, तीन एकर कोरडवाहू रान, बाप अधूनमधून गवंड्याच्या हाताखाली. पैसा मोजका, वेळ त्याहून मोजका. अशा घरात आईबाप काय धोरण ठेवतात?

गॅरी बेकर हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ. त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. घरातले निर्णयही हिशोबानं होतात, असं त्यांनी मांडलं. त्यांनी आणि नायजेल टोम्स यांनी १९७६ मध्ये जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की ज्या लेकरावर लावलेला पैसा जास्त फळ देईल त्याच्यावर आईबाप जास्त लावतात, आणि मागे पडलेल्याला पुढं इस्टेटीतून, रोकड देऊन भरपाई करतात. हुशार पोराला इस्लामपूरला हॉस्टेलवर ठेवायचं आणि दुसऱ्याच्या नावावर विहिरीकडचं रान करायचं, ही आपल्याकडची तीच रीत. जेरे बेहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याला दुसरी बाजू जोडली. अनेक आईबापांना मुलांमधली दरी सलते, म्हणून ते अशक्त लेकराकडं मुद्दाम जास्त बघतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाला घरात पुढं वर्षानुवर्षं जपलं जातं, हे कुणी पाहिलेलं नाही?

दोन्ही गोष्टी घडतात. कोणती कधी घडते, ते बरंचसं घरात किती आहे यावर ठरतं. हातात थोडं असेल तर भरपाईची चैन परवडत नाही. शिवाय एक अडचण बेकर यांच्या गणितात बसत नाही: पैशाची भरपाई पुढं करता येते, उंचीची करता येत नाही. गर्भात असल्यापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतचे साधारण हजार दिवस वाढीचे. त्या काळात खुंटलेली उंची विसाव्या वर्षी जमीन नावावर करून परत येत नसते. आणि मुलीच्या बाबतीत जमीन नावावर करण्याचा प्रश्न किती घरांत येतो, हे सातारा-सांगलीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हक्कसोड पत्र हा शब्द इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतो.

आता मोजायचं कसं? जेवणाच्या वेळी कुणी वजनकाटा घेऊन बसलं, तर त्या दिवशी सगळ्यांचीच ताटं भरलेली दिसणार. अँगस डीटन यांनी (त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं) एक वाकडी वाट शोधली. घरात मूल आलं की मोठ्यांना आपल्या काही गोष्टी कमी कराव्या लागतात. तंबाखू, पान, दारू, मोठ्यांचे कपडे. मग बघायचं, मुलगा आल्यावर बापाची तंबाखू जास्त कमी झाली की मुलगी आल्यावर? आयव्हरी कोस्ट आणि थायलंडच्या आकडेवारीवर त्यांनी हे १९८९ मध्ये करून पाहिलं आणि मुलगा-मुलगीत म्हणावा तसा फरक हाती लागला नाही. भारतातल्या खर्चाच्या पाहण्यांतही हा भेद कित्येकदा दिसतच नाही. इकडं मृत्यूच्या आणि उंचीच्या आकड्यांत मात्र तो ढळढळीत. निसर्गतः पाच वर्षांखाली मुलगे जास्त दगावतात, मुली चिवट असतात. भारतात कैक वर्षं उलटं होतं. ती दरी अलीकडं बरीच मिटली आहे, पण होती हे नक्की. खर्चाच्या वहीत न दिसणारा भेद अंगावर कसा दिसतो?

यातलं एक उत्तर मला सगळ्यात जास्त चक्रावून गेलं, कारण त्यात कुणाचाच दोष सापडत नाही.

कऱ्हाड तालुक्यातली दोन घरं घ्या. दोन्हीकडं सारखी म्हैस, डेअरीला दूध घालून दोन्हीकडं घरात लेकरांसाठी रोज एक लिटर उरतं. दोन्ही घरच्या आया काटेकोर, वाटीनं मोजून सारखं देणाऱ्या. पहिल्या घरात पहिलाच मुलगा झाला आणि ‘झालं आता’ म्हणून ऑपरेशन केलं. दुसऱ्या घरात मुलगी, परत मुलगी, मग मुलगा, मग ऑपरेशन. पहिल्या घरातल्या मुलाला रोज एक लिटर. दुसऱ्या घरात तिघांना प्रत्येकी ३३३ मिली. आता दोन्ही घरं मिळून सरासरी काढा. दोन मुली, दोघींना ३३३ मिली. दोन मुलगे, एकाला १,००० आणि एकाला ३३३, सरासरी ६६६. मुलग्यांना मुलींच्या दुप्पट दूध! आणि कोणत्याही आईनं थेंबभरही डावं-उजवं केलेलं नाही.

भेद ताट वाढताना झालाच नाही. तो ‘आता थांबायचं की अजून एक बघायचं’ या निर्णयात झाला. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही अशी चाल असली की मुली आपोआप मोठ्या कुटुंबांत साठत जातात आणि मोठ्या कुटुंबात दरडोई सगळंच कमी असतं: दूध, खोली, आईची मांडी. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालानं हेच पकडलं. त्यांनी प्रत्येक घरातलं शेवटचं मूल कोणतं ते पाहिलं. शेवटचं मूल मुलगा असण्याचं प्रमाण निसर्गाच्या हिशोबापेक्षा फार वर निघालं, कारण मुलगा झाला की घरं थांबतात. त्यावरून अंदाज बांधला, की २५ वर्षांपर्यंतच्या वयात देशात सुमारे २ कोटी १० लाख मुली अशा आहेत, ज्यांच्या वेळी घरच्यांना खरं तर मुलगा हवा होता.

साताऱ्याला हे परकं नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात सरकारी कार्यक्रम घेऊन ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली, आपल्याला थोडं ओशाळल्यासारखंही झालं. पण त्या मुलींचा घरातला नंबर बघा. पहिल्या मुलीचं नाव सहसा कुणी नकुशा ठेवत नाही. हे नाव दुसरी-तिसरीला, कधी चौथीला मिळायचं, आता तरी मुलगा होऊ दे या आशेनं.

नंबराचा हा मुद्दा मोनिका दास गुप्ता यांनी पंजाबच्या खेड्यांत १९८७ च्या अभ्यासात दाखवला होता. सगळ्या मुलींचे सारखे हाल होत नव्हते. पहिली मुलगी बरी निभावत होती. जिच्या आधी एक बहीण होती, तिचा मृत्यूचा धोका जास्त. रोहिणी पांडे यांनी पुढं लसीकरणाची आणि कुपोषणाची आकडेवारी तपासली तर तिथंही तेच: मागे राहते ती बहिणींवर झालेली बहीण. आणि दोन बहिणींवर झालेला भाऊ? त्याचं कोडकौतुक निराळंच. ‘मुलगा की मुलगी’ एवढाच प्रश्न विचारणारा यातला निम्मा भाग हुकवतो. कितवं लेकरू, आणि कुणाच्या पाठीवरचं, हे विचारल्याशिवाय आपल्या आटपाडीच्या घरातली मधली दिसणारच नाही.

सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे (नाव तेच, पण वरच्या पांडे वेगळ्या) यांचा २०१७ चा अभ्यास यावरच आहे. प्रश्न जुना आणि डोकं खाणारा: आफ्रिकेतल्या अनेक देशांपेक्षा भारत श्रीमंत, तरी भारतातली लेकरं बुटकी का? त्यांनी १ लाख ६८ हजारांहून जास्त मुलांची मापं घेऊन पाहिली. भारत-आफ्रिका उंचीतला फरक पहिल्या लेकराच्या बाबतीत नव्हताच म्हणा, तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबराला वाढत जात होता. थोरल्या मुलाकडं असलेला ओढा हे त्यांनी कारण दिलं. वंश, शेती, म्हातारपणाची काठी, सगळं त्याच्यावर. म्हणून तो पोटात असतानाही आईच्या तपासण्या नीट होतात, लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या जातात आणि पुढच्या बाळंतपणांत ढिलाई येते.

इथं एक ब्रेक लावायला हवा, कारण या अभ्यासावर नंतर आक्षेप आले. डीन स्पिअर्स, डायान कॉफी आणि जेरे बेहरमन यांनी दाखवलं, की ही मापं ज्या आरोग्य पाहण्यांतली, त्यांत पाच वर्षांखालच्याच मुलांची उंची मोजलेली असते. तिसरं-चौथं लेकरू मुळात भेटतं तेच जास्त मुलं असलेल्या, बहुधा गरीब घरांत. म्हणजे पहिलं आणि चौथं यांची तुलना करताना आपण नकळत दोन वेगळ्या घरांची तुलना करून बसतो. कुटुंबाचा आकार धरून मोजलं की चित्र बदलतं. वाद मिटलेला नाही. पण वर दुधाचं जे उदाहरण दिलं, त्याची आठवण ठेवली तर वाद कशावर आहे ते लगेच कळतं: फरक एकाच घराच्या आत किती आणि घराघरांत किती.

घराच्या आतलं मोजायला अवघड असं एक अन्न आहे. आईचं दूध. त्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ते खर्चाच्या कुठल्याच पाहणीत येत नाही. जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को यांनी २०११ मध्ये भारताची आकडेवारी मांडून दाखवलं, की मुलींना मुलग्यांपेक्षा कमी महिने अंगावर पाजलं जातं. कारण ऐकून धक्का बसतो, तो साधेपणाचा. अंगावर पाजत असताना पाळी परत यायला वेळ लागतो, पुढचे दिवस राहणं लांबतं. मुलगी झालेली आई लवकर पुन्हा गरोदर राहते, किंवा घरचे तशी घाई करतात, आणि पहिलीचं पाजणं तुटतं. मुलीवर राग आहे म्हणून दूध तोडलं, असं कुठं झालेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि पुढं वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. आपली मधली नऊ महिन्यांची असताना आईला पुन्हा दिवस राहिले असते, तर तिचे उरलेले पंधरा महिने गेले. गावात स्वच्छ पाण्याची बोंब असेल तर त्या पंधरा महिन्यांत जुलाब, उलट्या, वजनाची घसरण हे ठरलेलंच.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे वेळ. सिल्व्हिया बार्सेलोस आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या वेळेच्या पाहणीतून दाखवलं, की लहान मुलग्यांना मुलींपेक्षा साधारण १० टक्के जास्त वेळ मिळतो. दहा टक्के किरकोळ वाटतील. पण लहान लेकराला भरवणं हे वेळेचंच काम. मऊ भात कालवून चिमणी-काऊचे घास करत बसायला अर्धा तास लागतो, बिस्किटाचा पुडा हातात द्यायला अर्धं मिनिट. द्राक्षाच्या हंगामात तासगावकडं विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बायका सकाळी टेम्पोत बसून जातात त्या दिवस मावळता परत येतात. मग चार वर्षांच्या मधलीला भरवणार कोण? सात वर्षांची थोरली. तीही शाळा बुडवून.

थोरलीचं हे काम कुठल्याच हिशोबात धरलं जात नाही. जत, आटपाडी, माणकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात तेव्हा कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) धाकट्याला सांभाळायला एक मोठी बहीण लागते. धाकट्याच्या तब्येतीवर झालेली ती घराची गुंतवणूकच आहे. फक्त तिची किंमत थोरली भरते.

दुष्काळाचं साल आलं की हे सगळं आणखी तीव्र होतं. एलेना रोझ यांनी १९९९ मध्ये ग्रामीण भारतातल्या मुलांच्या जगण्या-मरण्याची पावसाशी सांगड घालून पाहिली. लेकराच्या पहिल्या दोन वर्षांत पाऊस चांगला झाला, तर मुलींची जगण्याची शक्यता मुलग्यांच्या तुलनेत सुधारते. पाऊस आला म्हणून आईबाप अचानक सुधारले का? तर नाही. टंचाईत जो हात आखडतो तो सगळ्यांवर सारखा आखडत नाही, एवढंच. बेहरमन यांनी इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं कोरडवाहू गावांत जमवलेल्या माहितीवर हेच पाहिलं. त्या गावांत आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही दोन गावंही होती. सुगीनंतर घरात धान्य असताना मुलगा-मुलगीत पोषणाचा फरक दिसत नव्हता. कणगी तळाला गेल्यावर मुलग्याचं पारडं जड व्हायचं. म्हणजे पाहणीवाला कोणत्या महिन्यात दारात आला, यावर त्याला भेद दिसणार की नाही ते ठरणार. सांगलीत कृष्णाकाठी, वाळव्या-पलूसला बारमाही पाणी, ऊसबिलाचा पैसा, तिथं हा हंगामी चिमटा कमी. जत-आटपाडीत आणि साताऱ्याच्या माण-खटावमध्ये तो दर उन्हाळ्यात ठरलेला होता. टेंभू-म्हैसाळचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस-डाळिंब आलं. त्यानं लेकरांच्या ताटात काय बदललं, हे कुणीतरी नीट मोजायला हवं. पाणी योजनांच्या सगळ्या भाषणांत हा एक विषय मी कधी ऐकला नाही.

मात्र पैसा आला म्हणजे भेद गेला, असं सरळ गणित नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं सांगलीत ८६७ मुली होत्या, साताऱ्यात ८९५, राज्यात ८९४. दहा वर्षं आधी सांगली ८५१ वर होती, सातारा ८७८ वर. द्राक्षं, हळद, साखर कारखाने, गावोगाव दवाखाने असलेला हा सधन पट्टा. सधन होता म्हणूनच सोनोग्राफी लवकर पोचली. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. तरी २०१७ मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळजवळ १९ भ्रूण पुरलेले सापडले. अर्थशास्त्राचे अभ्यास यातलं एक अवघड सत्यही सांगतात: सोनोग्राफी पसरल्यावर जन्माला आलेल्या मुलींच्या मृत्यूतली दरी कमी झाली. नको असलेल्या मुली जन्मालाच येईनात, म्हणून. मुलींची तब्येत सुधारल्याचा आकडा वाचताना हा भागाकार कशावर झालाय ते पाहावं लागतं.

आजारपणात वाटप सगळ्यात उघडं पडतं, कारण तिथं एका रात्रीत निर्णय घ्यावा लागतो. आपल्याकडं ‘अंगावर काढणं’ हा प्रकार सर्रास आहे, आणि घरात तो कुणाच्या वाट्याला येतो याची एक उतरंड असते. सगळ्यात खाली आई स्वतः. ताप अंगावर, कंबरदुखी अंगावर, अंगावरून जाणंही अंगावरच. मग मुली. कमावत्याला आणि धाकट्या मुलाला आधी नेलं जातं. न्यायचं तर गाडीला पेट्रोल, बापाची बुडालेली मजुरी, खासगी डॉक्टरची फी आणि बाहेरची औषधं. हे रोज परवडत नाही, म्हणून ‘बघू दोन दिवस’. निमोनियाला दोन दिवस पुष्कळ झाले.

आता या साऱ्यात निर्णय कुणाचा? घर म्हणजे एक मन नाही, हे सिद्ध करायला अर्थशास्त्रज्ञांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली: तोच रुपया बापाच्या हातात पडला आणि आईच्या हातात पडला, तर फरक पडतो का? घर एक असेल तर पडायला नको. डंकन थॉमस यांनी १९९० मध्ये ब्राझीलचा अभ्यास मांडला. मजुरीखेरीज इतर मार्गांनी आलेलं उत्पन्न आईच्या नावे असलं, तर लेकरं जगण्यावर त्याचा परिणाम बापाच्या तशाच उत्पन्नाच्या जवळजवळ वीस पट होता. एस्थर डुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेत म्हातारपणाच्या पेन्शनचा माग काढला. आजीला पेन्शन मिळाली त्या घरातल्या नातींचं वजन-उंची सुधारली. आजोबांना मिळाली त्या घरात असं काही दिसलं नाही. आजी लोकांना हे वाचून नवल वाटणार नाही.

भारतातला एक अभ्यास मला याहून जास्त जवळचा वाटतो. डायान कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी एकत्र कुटुंबातल्या जावांकडं पाहिलं. एकच घर, एकच शेत, एकच चूल, एकच पाणी. तरी धाकट्या जावेची लेकरं थोरल्या जावेच्या लेकरांपेक्षा उंचीला कमी भरली. धाकटीचा शब्द घरात चालत नाही, ती शेवटी जेवते, तिच्या वाट्याला काम जास्त. त्याचा परिणाम तिच्या पोटातल्या बाळापासून सुरू होतो. कॉफी यांनीच २०१५ मध्ये दाखवलं, की भारतात गरोदरपण सुरू होताना ४२ टक्के बायकांचं वजन असावं त्यापेक्षा कमी होतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हेच प्रमाण साडेसोळा टक्के. लेकरांमधलं वाटप बघायला निघालेल्यानं आधी त्यांच्या आयांमधलं वाटप बघावं, एवढा यातला धडा मी घेतला.

म्हणून पैसा कुणाच्या नावावर जमा होतो, ही तांत्रिक बाब नव्हे. अन्न सुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख केलं, ते याच विचारानं. २०२४ च्या जुलैपासून राज्यात लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या २१ ते ६५ वयाच्या पात्र बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले. त्या आधी, २०२३ मध्ये, लेक लाडकी योजना आली. पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. दोन्ही योजनांवर राजकारण पुष्कळ झालं, होईल. आपल्या विषयाच्या बाजूनं पाहिलं तर दुसरीची घडण मला उलटी वाटते. १ लाख १ हजारातले ७५ हजार अठराव्या वर्षी, म्हणजे लग्नाच्या बोलण्यांच्या ऐन वेळी. वाढीच्या हजार दिवसांत फक्त ५ हजार. शरीर बनायच्या वयात हात आखडता आणि शरीर बनून गेल्यावर सढळ, असं का केलं असावं कोण जाणे.

सरकारी पैशाहूनही घरचा नियमित पैसा जास्त बोलतो. आपल्याकडं म्हशीची धार बाई काढते, वैरण ती आणते, शेण ती भरते आणि डेअरीचं खातं बहुतेक घरांत गड्याच्या नावावर असतं. दहा दिवसांचं बिल त्याच्या हातात. म्हसवडला १९९७ पासून माणदेशी महिला बँक चालते. रोजच्या भाजीपाल्याच्या, शेरडांच्या धंद्यातून बायकांनी दहा-वीस रुपये बाजूला टाकले की ते त्यांच्या नावावर राहतात, हीच तिची मूळ कल्पना. असे बाजूला पडलेले पैसे रात्री दहाला रिक्षा करून लेकराला म्हसवडहून दहिवडीला न्यायला कामी येतात. विचारायला कुणाला उठवावं लागत नाही.

बायकांच्या कमाईचा मुलींशी थेट संबंधही जोडला गेला आहे. मार्क रोझेन्झवाइग आणि पॉल शुल्त्झ यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की ग्रामीण भारतात ज्या भागांत बायकांना कामधंदा मिळण्याची शक्यता जास्त, तिथं मुली मुलग्यांच्या तुलनेत जास्त जगतात. बेकर यांच्या कोरड्या हिशोबाशी हे जुळतं: जी कमावणार, तिच्यावर लावलेलं वाया जात नाही असं घराला वाटतं. मला स्वतःला हे कारण अपुरं वाटतं. कमावत्या आईचा घरात आवाज असतो, हे दुसरं कारण तितकंच वजनदार आहे. दोन्ही एकत्र येतात आणि आकडेवारीला ती वेगळी करता येत नाहीत.

एखाद्याला हे आपल्या घरात, किंवा गावात काम करताना, पाहायचं असेल तर साधी युक्ती आहे. अंगणवाडी ताई दर महिन्याला वजन-उंची घेते, पण ती मुला-मुलाची वेगळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. हा आकडा घरांचा नाही, मुलांचा आहे. त्यात एकाच घरातलं एक बरं आणि एक खुंटलेलं, अशी किती घरं दडलीत ते दिसत नाही. म्हणून भावंडांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवा. नुसते सेंटिमीटर बघू नका. वय वेगळं, आणि मुलगा-मुलगीचे तक्तेही वेगळे असतात. प्रत्येकाचं टिंब आपापल्या तक्त्यावर हिरव्यात आहे की पिवळ्यात, ते पाहा. धाकटा हिरव्यात आणि मधली पिवळ्यात असेल, तर आधी साधी कारणं धुंडाळा: जन्माचं वजन, जंत, एखादं लांबलेलं आजारपण. ती नसली तर मग विचारा, दोघांना अंगावर किती महिने पाजलं, आणि मागच्या तापाला कुणाला कितव्या दिवशी दवाखान्यात नेलं.

एक अडचण येईल. सहा वर्षं झाली की थोरलीचं नाव अंगणवाडीच्या नोंदीतून जातं. तिची तपासणी मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत करतं, वर्षातून एकदा. धाकट्यांची अंगणवाडीत, थोरलीची शाळेत. दोन्ही नोंदी कधी एका टेबलावर येत नाहीत. थोरलीचं जुनं माता-बाल कार्ड घरात ट्रंकेत कुठंतरी असतं. ते काढून ताईकडं नेलं की तिच्या हजार दिवसांचा आणि धाकट्याच्या हजार दिवसांचा आलेख एकमेकांवर ठेवून पाहता येतो.